फरशीवरची लघवी आणि मधुमेहाचा शोध

साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. जगभरच्या मधुमेहींवरही अशाच एका कुत्र्याचे ऋण आहे. पण त्याची समाधी कुठे नाही. लक्षात राहिले ते त्याची लघवी तपासणारे डॉक्टर, ऑस्कर मिंकोव्स्की.

आजच्या लिथुआनियातील कौनसजवळ १८५८ मध्ये ते जन्मले. आइन्स्टाइन यांना गणित शिकवणारे हर्मान मिंकोव्स्की हे त्यांचे धाकटे भाऊ. १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला योसेफ फॉन मेरिंग यांच्याशी बोलताना, स्वादुपिंडाशिवाय चरबी पचते का, असा प्रश्न निघाला. मिंकोव्स्कींनी एका कुत्र्याचे स्वादुपिंडच काढले. कुत्रा जगला; पण बाहेर जायची सवय असलेला तो आता खोलीतच वारंवार लघवी करू लागला. दुसऱ्या कुणी फरशी पुसून कुत्र्याला दटावले असते. मिंकोव्स्कींनी लघवी तपासली. तीत भरपूर साखर होती. पुढे त्यांनी स्वादुपिंडाचा तुकडा कातडीखाली बसवून पाहिला : तो असेपर्यंत साखर उतरत नसे, काढला की पुन्हा मधुमेह. त्या मुक्या जिवांनी याची किंमत मोजली, हेही विसरता येत नाही.

साताऱ्या-सांगलीच्या घरांतही शहाणा कुत्रा अचानक घरात घाण करू लागला की आधी रट्टा बसतो. खूप पाणी पिणे, भरपूर लघवी, खाऊनही वाळत जाणे ही मधुमेहाची चिन्हे. अशा कुत्र्यांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्गही सहज होतो, माद्यांना अधिक. थेंबथेंब लघवी, कुंथणे, रक्त दिसले तर तो ओळखता येतो. पण मधुमेही कुत्र्यात कधी काहीच दिसत नाही, फक्त इन्सुलिनचा गुण येईनासा होतो. म्हणून पशुवैद्य लघवीचे कल्चर करायला सांगतात. नमुना शक्यतो सुईने थेट मूत्राशयातून घेतात. घरातली उरलेली अँटिबायोटिक गोळी देऊ नये, आणि फरशी ओली होते म्हणून पाणी तर मुळीच तोडू नये.

१९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन मिळवले. तोवर मिंकोव्स्की ब्रेस्लाउला प्राध्यापक होते. जर्मनीत हे औषध आणणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले.