जॉर्ज जिल द ला तूरेत

जॉर्ज जिल द ला तूरेत (१८५७–१९०४) हे फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ होते. वारंवार डोळे मिचकावणे, मान झटकणे, खांदे उडवणे, घसा खाकरणे किंवा नकळत आवाज काढणे अशा अनैच्छिक क्रियांना 'टिक' म्हणतात. लहान वयात सुरू होणाऱ्या टिकच्या विकाराचे त्यांनी १८८५ मध्ये सविस्तर वर्णन केले. इंग्रजी उच्चारावरून हा विकार 'टूरेट सिंड्रोम' या नावाने ओळखला जातो.

जीवन

तूरेत यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८५७ रोजी फ्रान्समधील व्हिएन विभागातील एका लहान गावी झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी प्वातिए येथे वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला. पुढे ते पॅरिसला गेले आणि साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्तँ शार्को यांचे शिष्य झाले. वैद्यकाखेरीज त्यांना इतिहास व साहित्य यांचीही आवड होती.

टिकविषयक संशोधन

१८८५ च्या लेखात तूरेत यांनी नऊ रुग्णांची माहिती एकत्र मांडली. त्यांपैकी एक उमराव घराण्यातील स्त्री होती. तिचा विकार सातव्या वर्षी सुरू झाला होता आणि त्याची नोंद ज्याँ इतार यांनी १८२५ मध्येच केली होती. हालचालींसोबत दुसऱ्याचे शब्द पुन्हा उच्चारणे आणि काही रुग्णांच्या तोंडून अपशब्द निघणे ही लक्षणे तूरेत यांनी नोंदवली. विकार बालपणी सुरू होतो, लक्षणे कमीजास्त होत राहतात आणि रुग्णाची बुद्धी शाबूत असते, हेही त्यांनी दाखवले. शार्को यांनी या विकाराला आपल्या शिष्याचे नाव दिले.

विकार आनुवंशिक असून तो बरा होत नाही, असे तूरेत यांचे मत होते. आनुवंशिकतेचा वाटा पुढील संशोधनातूनही दिसून आला. मात्र त्यांचे निराशाजनक अनुमान सर्वांना लागू पडले नाही.

उत्तरायुष्य

संमोहन आणि हिस्टेरिया या विषयांवरही त्यांनी ग्रंथ लिहिले. संमोहनाखाली व्यक्तीकडून खरोखरचा गुन्हा करवून घेता येत नाही, या मताचे ते समर्थक होते. १८९३ मध्ये साल्पेत्रिएरमधील एका माजी महिला रुग्णाने त्यांच्या घरी जाऊन त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आपल्याला इच्छेविरुद्ध संमोहित केले गेले, असा तिचा आरोप होता. तूरेत या हल्ल्यातून बचावले. त्याच वर्षी त्यांचे गुरू शार्को व त्यांचा लहान मुलगा यांचे निधन झाले होते.

१९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात ते मुख्य वैद्य होते. त्यानंतर उपदंशामुळे त्यांच्या मेंदूवर परिणाम झाला व त्यांना काम सोडावे लागले. स्वित्झर्लंडमधील लोझानजवळच्या मनोरुग्णालयात १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

तूरेत यांच्यानंतर अनेक दशके टिककडे मानसिक संघर्षाचे लक्षण किंवा वाईट सवय म्हणून पाहिले गेले. १९६० च्या दशकात हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक कमी होतात असे दिसून आल्यावर मेंदूच्या कार्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

आज अठरा वर्षे वयाच्या आत सुरू झालेले, एकाहून अधिक हालचालींचे व किमान एक आवाजाचे टिक वर्षभराहून अधिक काळ राहिल्यास टूरेट सिंड्रोमचे निदान केले जाते. टिक साधारणतः पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू होतात, दहा ते बारा वर्षांच्या सुमारास तीव्र होतात आणि किशोरवयाच्या अखेरीस बहुतेकांमध्ये कमी होतात. अपशब्दांचे लक्षण थोड्याच रुग्णांत आढळते. मूल काही काळ टिक रोखू शकते, तरी ते मुद्दाम केलेले नसतात. म्हणून रागावण्याने किंवा शिक्षेने ते थांबत नाहीत, ताणामुळे उलट वाढू शकतात. सौम्य टिकना अनेकदा औषधाची गरज नसते. त्रास अधिक असल्यास टिकपूर्वीची संवेदना ओळखून पर्यायी हालचाल शिकवणारी वर्तनोपचार पद्धती वापरतात आणि गरजेनुसार औषधे देतात.