अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

महाराष्ट्रातील चिमुकल्या मुलांनी ज्यांचे ऋण मानावे, अशा थोर शिक्षणतज्ज्ञ म्हणजे कै. ताराबाई मोडक होत. त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. पुढे राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य असताना, आपल्या लहानग्या मुलीला कसे शिकवावे हा प्रश्न त्यांना पडला. उत्तराच्या शोधात त्या गिजुभाई बधेका यांच्या कार्याकडे वळल्या. १९२३ मध्ये मानाची नोकरी सोडून त्या भावनगरच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, तर १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. परंतु गरिबांच्या मुलांचे काय? १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी गाठली. तेथे अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने यांतून शिक्षण सुरू झाले.

१९५७ मध्ये हे कार्य आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी आईबाप कामावर गेले, की मोठी भावंडे तान्ह्यांना सांभाळीत. मग शाळा कोठली? ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडली. हीच विकासवाडी.

हे वाचताना मला माझी ताई आठवली. आईवडील कारखान्यात जात, म्हणून मला कडेवर घेण्यासाठी तिने दुसरीतच शाळा सोडली. आज आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली; त्या पायरीखाली ताईची पाटी आहे.

तान्ह्याला केवळ राखणे पुरेसे नसते. चार-पाच महिन्यांचे बाळ खुळखुळ्याकडे हात नेते, थोडे मोठे झाले की वाटी आपटून आवाज ऐकते. आठ-नऊ महिन्यांचे बाळ पदराआड लपलेले तोंड शोधते. दिसेनासे झालेले नाहीसे होत नाही, हे ते अशा खेळातूनही शिकते. त्यासाठी पैसा लागत नाही. समोर बसून बोलणारे, हसणारे माणूस लागते. ते माणूस सात-आठ वर्षांची दमलेली बहीण असू नये.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. आमच्या आनंदनगरसारख्या कामगार वस्तीत अंगणवाडीबरोबर पाळणाघरही हवे, म्हणजे कोणत्याही ताईची शाळा सुटणार नाही. या थोर मातेस माझे विनम्र अभिवादन!