वीजघरातील आठ वर्षे

हेन्री फोर्ड हे नाव उच्चारताच मोटारगाडी डोळ्यांपुढे येते. मात्र या मोटारसम्राटाच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ नोकरी मोटारीच्या नव्हे, तर विजेच्या धंद्यातील होती. अमेरिकेतील डेट्रॉईट शहराला वीज पुरविणाऱ्या एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत त्यांनी १८९१ ते १८९९ अशी आठ वर्षे अभियंता म्हणून काढली. आज डीटीई एनर्जी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बड्या ऊर्जा कंपनीची ती पूर्वज होय. फोर्ड यांच्या चरित्रात या काळाला बहुधा दोन-चार परिच्छेदच मिळतात. वास्तविक त्यांची जडणघडण झाली ती येथेच.

फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी मिशिगन राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीत मन रमेना म्हणून सोळाव्या वर्षी त्यांनी डेट्रॉईट गाठले. यंत्रशाळेत आणि जहाजदुरुस्तीच्या गोदीत उमेदवारी केली, रात्री घड्याळे दुरुस्त केली. पुढे गावी परतून वाफेची इंजिने चालविण्याचे काम ते करू लागले. १८८८ मध्ये क्लारा ब्रायंट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वडिलांनी दिलेल्या जमिनीवर घर बांधून झाले, संसार मार्गी लागला आणि अशा वेळी फोर्ड यांनी शहरात जाण्याचा निर्णय घेतला. पेट्रोल इंजिनाची कल्पना त्यांच्या डोक्यात घोळत होती. त्या इंजिनात इंधन पेटवायचे तर विजेची ठिणगी हवी आणि विजेचे ज्ञान तर शून्य. ते मिळवायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एडिसन कंपनीतील नोकरी होती. क्लारा यांना नवे घर सोडणे जड गेले, तरी त्या पतीबरोबर निघाल्या.

सप्टेंबर १८९१ मध्ये फोर्ड रात्रपाळीचे अभियंता म्हणून रुजू झाले. पगार महिना ४५ डॉलर असल्याची नोंद त्यांनी पुढे आत्मचरित्रात केली. कोळशावर वाफ, वाफेवर इंजिन आणि इंजिनावर जनित्र, अशी त्या काळच्या वीजघराची रचना होती. वाफेचे इंजिन फोर्ड यांना पाठ होते. बिघाड हुडकण्यात त्यांचा हातखंडा होता. यंत्र बंद म्हणजे ग्राहक अंधारात, अशा धंद्यात हा गुण वरिष्ठांच्या नजरेत भरल्याशिवाय राहत नाही. १८९३ च्या अखेरीस, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते मुख्य अभियंता झाले आणि पगार दुपटीहून अधिक झाला. चोवीस तासांत केव्हाही बोलावणे येऊ शकेल, ही या पदाची अट होती. परंतु ठरावीक तास बसून राहण्याचे बंधन उरले नाही. बढतीतील ही मोकळीक त्यांना पगाराइतकीच मोलाची वाटली असावी.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला मुलगा एड्सेल जन्मला आणि नाताळच्या आदल्या रात्री फोर्ड यांनी स्वयंपाकघरातील मोरीच्या कडेला एक लहानसे इंजिन पक्के केले. ठिणगीसाठी घरातील दिव्याची वीज घेतली. क्लारा यांनी थेंबथेंब पेट्रोल ओतले आणि इंजिन धडधडू लागले. यापुढे बॅगली अ‍ॅव्हेन्यूवरील घरामागची शेड हीच त्यांची दुसरी कचेरी झाली. ४ जून १८९६ च्या पहाटे सायकलची चार चाके लावलेली गाडी तयार झाली. पण शेडचा दरवाजा अरुंद निघाला. कुऱ्हाडीने विटा फोडून ती बाहेर काढावी लागली. फेरफटका झाल्यावर न्याहारी करून फोर्ड नेहमीप्रमाणे कामावर गेले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एडिसन कंपन्यांचे संमेलन न्यूयॉर्कमध्ये भरले. वरिष्ठ अलेक्झांडर डाऊ यांनी फोर्ड यांना सोबत नेले आणि भोजनाच्या टेबलावर खुद्द थॉमस एडिसन यांच्या कानावर या गाडीची वार्ता घातली. एडिसन यांना कमी ऐकू येई. त्यांनी फोर्ड यांना जवळ बसवून घेतले, प्रश्न विचारले, आकृत्या पाहिल्या. विजेच्या गाडीला वीजघराजवळच राहावे लागते, वाफेच्या गाडीला बॉयलर वाहावा लागतो. ही गाडी मात्र आपली शक्ती आपल्याबरोबर नेते, हे त्यांनी ओळखले आणि उत्तेजन दिले. विजेच्या जनकानेच पेट्रोलला दिलेला हा कौल होता.

तरीही फोर्ड यांनी लगेच राजीनामा दिला नाही, हे लक्षात घ्यायला हवे. दुसऱ्या गाडीवर काम करीत त्यांनी आणखी तीन वर्षे पगार घेतला. अखेर कंपनीने त्यांच्यापुढे सर्वसाधारण अधीक्षकपद ठेवले. मात्र पेट्रोल इंजिनाचा नाद सोडावा, अशी अट घातली. कंपनीचीही चूक म्हणता येणार नाही. सारे भवितव्य विजेत आहे, असे मानणाऱ्या संस्थेचा प्रमुख तंत्रज्ञ रात्री पेट्रोलच्या मागे लागावा, हे तिला कसे मानवणार? १५ ऑगस्ट १८९९ रोजी फोर्ड यांनी नोकरी सोडली. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता.

यश दाराशी उभे नव्हते. नवी डेट्रॉईट ऑटोमोबाईल कंपनी १९०१ च्या प्रारंभी बुडाली. दुसऱ्या कंपनीतून भागीदारांशी न पटल्याने ते १९०२ मध्ये बाहेर पडले. तिचीच पुढे कॅडिलॅक झाली. तिसरी, १९०३ ची फोर्ड मोटर कंपनी तगली. १९०८ चे मॉडेल टी, १९१३ ची सरकती जुळणी-साखळी, १९१४ चा पाच डॉलर रोज हा इतिहास सर्वपरिचित आहे. वीजघरात स्वतः मोकळीक उपभोगलेल्या या माणसाने आपल्या कामगारांच्या घरगुती वागणुकीवरही निरीक्षक नेमावेत, हा विरोधाभास खटकतो. त्यांच्या साप्ताहिकाने केलेला ज्यूविरोधी प्रचार तर अक्षम्यच होता.

एडिसन यांच्याशी जडलेला स्नेह मात्र अखेरपर्यंत टिकला. डिअरबॉर्न येथे फोर्ड यांनी घरासाठी रूज नदीवर स्वतःचे वीजघर उभारले, तेव्हा त्याची कोनशिला १९१४ मध्ये एडिसन यांच्या हस्ते बसविण्यात आली. एप्रिल १९४७ मध्ये नदीला पूर आला आणि ते वीजघर बंद पडले. ७ एप्रिलच्या रात्री, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, मेणबत्त्या व तेलाच्या दिव्यांच्या उजेडात फोर्ड यांचे निधन झाले.