हसवून डोळे उघडणारे कीर्तनकार : गाडगेबाबा

कीर्तन म्हटले की वीणा, मृदंग, मागे उभे टाळकरी आणि निरूपणाचा अभंग आपल्या डोळ्यांपुढे येतो. गाडगेबाबांच्या कीर्तनाला असला थाट नसे. अंगात चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हा माणूस दिवसभर गावचा रस्ता झाडी. संध्याकाळी लोक जमले म्हणजे त्यांना कळे की, आपले कीर्तनकार ते हेच!

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट घरात बाबांचा जन्म झाला. नाव डेबूजी. वडील दारूपायी गेले. आईने लेकराला घेऊन माहेर दापुऱ्याचा रस्ता धरला आणि डेबूजी मामाकडे गुरे राखीत, शेत कसत वाढला. शाळा नाही, पण भजनाचा नाद मोठा. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न घालता त्याने गोडाधोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुसले, पण हा बधला नाही. १९०५ साली त्याने घर सोडले.

आता कीर्तनाचे सांगतो. आधी गोपाळाच्या नामाचा गजर. हजारो माणसे टाळ्या धरीत, आणि सूर चढला की बाबा मध्येच थांबून एक साधासा प्रश्न टाकीत. अस्सल वऱ्हाडी बोली, मुद्रा भोळी. लोक एका आवाजात उत्तर देत, त्या उत्तरातून दुसरा प्रश्न निघे, आणि चार-पाच प्रश्नांत श्रोता आपल्याच शब्दांत सापडे. मग हशा, आणि पुन्हा गजर. सत्यनारायणाच्या पोथीत बुडालेली नौका वर येते ना, मग लढाईत बुडालेली जहाजे पूजा घालून का वर काढीत नाहीत, असे ते विचारीत. आपल्यापैकी कितीकांच्या घरी ही पूजा होते! हसता हसता घास अडकावा, तसले हे विनोद. नवसाचा बकरा, लग्नाचे कर्ज, दारू, शिवाशीव, कशालाही सूट नसे. जेवायचे ताट मोडा, पण पोराला शाळेत घाला, हे मात्र ते हसू थांबवून सांगत.

पाया पडायला कोणी वाकला की काठी उगारीत. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, हे त्यांचे ठरलेले सांगणे.

वारीला बाबा पंढरपुरास येत, पण राउळात न जाता वाळवंट झाडीत. कुणाला हे खटकेल. मला विचाराल तर, ज्या वारकऱ्यांना अस्पृश्य म्हणून कुठे ओसरीही मिळत नसे, त्यांच्यासाठी याच माणसाने पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली, तेव्हा देवदर्शनाचा हिशेब आपण कोण मागणार? ती धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू येथेही त्यांनी धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र खापराच्या गाडग्यात भाकर खाल्ली.

मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. त्यांनी कीर्तन मोडले नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण आहे. आवाज थकलेला, पण प्रश्न विचारायची ढब तीच, आणि पुढच्या लोकांचे हसूही ऐकू येते. पुढे सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी मोटारीतच त्यांनी देह ठेवला.