पंडिता रमाबाई आणि प्रार्थनेचे युद्ध

आमच्या कोयनानगरास येणारा पाहुणा प्रथम धरण पाहावयास जातो. १०३ मीटर उंचीची ती भिंत आणि तिच्यामागे पसरलेला शिवसागर पाहून त्याचे डोळे दिपतात. परंतु ज्या कार्यासाठी हे सर्व उभारले, ते कार्य त्याच्या दृष्टीस पडत नाही. जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे जाते, पोफळीजवळ भूगर्भातील वीजगृहात कोसळून यंत्रे फिरविते, आणि त्याचे सामर्थ्य तारांवाटे दूरदूरच्या घरांत दिवा होऊन प्रकटते. जेथे खरे बळ राबते तेथे काळोख आणि खडक ह्यांवाचून दुसरे काही नसते.

प्रार्थनेचेही असेच आहे, असे आम्हांस वाटते. पुष्कळांची अशी समजूत असते की, प्रार्थना म्हणजे धकाधकीतून बाजूला होऊन घेतलेली विश्रांती. ज्याला काही करता येत नाही तो प्रार्थना करितो, असेही काही लोक म्हणतात. पौलाने इफिस येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रात मात्र निराळेच चित्र रेखाटले आहे. तेथे ख्रिस्ती मनुष्य हा सैनिक आहे. त्यास ढाल आहे, शिरस्त्राण आहे, तरवार आहे. आणि ही सर्व शस्त्रे धारण केल्यावर त्याने काय करावे, तर प्रार्थनेत जागत राहावे. शिवाय हे झुंज माणसांशी नाही, हेही पौलाने तेथेच बजावून ठेविले आहे. प्रार्थना हे युद्ध असेल, तर ते कोणाशी आणि कसे लढावयाचे? आमच्या महाराष्ट्रात ह्या प्रश्नाचे उत्तर एका बाईने आपल्या आयुष्याने दिले. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतच, आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. तुंगा आणि भद्रा ह्या नद्यांचा उगमही तेथलाच. त्यांचे पाणी तुंगभद्रेच्या रूपाने पुढे कृष्णेस मिळते, आणि आमची कोयनाही कऱ्हाडास कृष्णेसच मिळते. म्हणून ह्या थोर बाईंशी आमचे पाण्याचे नाते आहे असे आम्ही मानितो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा दंडक असता त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस शिकविले, आणि त्या माउलीने पहाटेच्या काळोखात आपल्या लहानग्या मुलीकडून ग्रंथ पाठ करून घेतले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव फिरू लागले. इतक्यात दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. असतील नसतील ते पैसे व्रते आणि दानधर्म ह्यांत संपले, अन्न मिळेना. काही महिन्यांच्या आतच पिता, माता आणि वडील बहीण ही तिघेही काळाच्या मुखी पडली. उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. भूक म्हणजे काय हे ज्यांनी पुस्तकात वाचिले नाही, तर अंगावर सोसले, अशांपैकी रमाबाई होत्या. पुढच्या साऱ्या चरित्राची किल्ली येथे आहे.

भावाबहिणीने हजारो मैल पायी तुडविले. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. परंतु मान मिळाला तरी सुख टिकले नाही. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. लग्नास दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने तेही गेले. तेवीस वर्षांची विधवा आणि मनोरमा नावाची तान्ही मुलगी, एवढाच संसार राहिला. त्याच वर्षी बाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. पुढे १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तेथे जाण्यात वैद्यकी शिकावी असा त्यांचा हेतू होता. पण कानांनी ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो बेत सोडावा लागला. मागितलेले प्रत्येक दार उघडते असे नाही, हा धडा त्यांस असा आरंभीच मिळाला.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाप्तिस्मा झाला म्हणजे आतले युद्ध संपले, असे बाईंच्या बाबतीत घडले नाही. पुढली सुमारे आठ वर्षे, म्हणजे १८९१ सालापर्यंत, त्यांच्या मनाची ओढाताण चालूच होती. धर्म बुद्धीस पटला होता, पण जीवास विसावा मिळाला नव्हता, अशी आपली स्थिती त्यांनी स्वतःच पुढे प्रांजळपणे लिहून ठेविली आहे. वादात ज्यांचा पराभव करणे कठीण, अशा ह्या पंडितेस देवापुढे मात्र सर्व विद्या खाली ठेवून रित्या हाताने उभे राहावे लागले. प्रार्थनेच्या युद्धातील पहिला शत्रू बाहेर नसतो. आपणच आपल्या बळाने पार पडू, हा जो आतला अभिमान, तोच पहिला शत्रू होय.

दरम्यान कार्य सुरू झाले होते. अमेरिकेत साह्य मिळवून बाई परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडिले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास नेले. बालविधवांस शिक्षण मिळावे, हा त्याचा हेतू. पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई ह्या त्या सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदनात कोणाचाही धर्म बदलण्याचा प्रयत्न करावयाचा नाही, असे ठरले होते. बाई मात्र आपल्या खोलीत मनोरमेसह नित्य प्रार्थना करीत, आणि त्या वेळी खोलीचे दार बंद करीत नसत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. ह्यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे आणि भांडारकर ह्यांसारख्या थोर पुरुषांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या पुढाऱ्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. दिलेल्या वचनास बाध येतो असे त्यांस प्रामाणिकपणे वाटले, आणि पालकांची काळजीही समजण्याजोगी होती. परंतु बाईंपुढचा पेच केवढा होता तो पाहावा. एक दार लोटून घेतले असते, तर सदन वाचले असते, लोकांची मर्जी राहिली असती, देणग्या आल्या असत्या. बाईंनी दार लोटले नाही. आपण देवाशी बोलतो ही लपविण्याजोगी गोष्ट आहे, असे मुलींपुढे मान्य करावयास त्या तयार झाल्या नाहीत. ज्या मुली राहिल्या त्यांना घेऊन त्यांनी काम चालविले, आणि विरोधकांविषयी मनात वैर धरिले नाही.

पुढे लोणावळ्यास भरलेल्या एका धर्मसभेस बाई गेल्या. त्यांच्याबरोबरच्या पंधरा मुली ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या होत्या. एके दिवशी पहाटे त्या रानात एकट्याच प्रार्थनेस गेल्या असता, ह्या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे २२५ व्हाव्या, असे मागणे त्यांच्या मनात आले. सदनात तेव्हा पन्नासाच्या आसपास मुली; जागा साठपासष्टांपलीकडे नाही. हिशेबाने पाहता ते मागणे वेडेपणाचेच होते. आणि ते पुरे झाले ते कोणत्या वाटेने? १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, त्या वाटेने.

दुष्काळाची बातमी ऐकताच बाईंस आपले बाळपण आठविले. जवळ पैसा नाही, घर नाही. तरी त्या तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली व विधवा घेऊन आल्या. पुणे शहरात इतक्यांना ठेवणे शक्य नव्हते; त्यातच प्लेग आला. तेव्हा केडगाव येथे आधी घेऊन ठेविलेल्या शेतावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतून मुक्तिसदन निर्माण झाले. एका वर्षात सुमारे तीनशे जणी आल्या. १९०० साली गुजराथच्या दुष्काळातून आणखी शेकडो आल्या, आणि एकंदर संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्यांच्या अन्नाची, वस्त्राची, पाण्याची तरतूद कशी होत असेल ह्याचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनी करून पाहावा. निश्चित उत्पन्न फार थोडे. बाई रोज पहाटे उठून त्या दिवसाची गरज देवापुढे मांडीत. आणि मग विहिरी खणवीत, शेत नांगरवीत, मुलींस विणकाम, छपाई, तेलाचा घाणा असे उद्योग शिकवीत. त्यांची प्रार्थना कुदळीच्या आड आली नाही, आणि कुदळ प्रार्थनेच्या आड आली नाही.

ती त्यांच्या धैर्याच्याही आड आली नाही. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात व छावण्यांत स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविरुद्ध बाईंनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघडपणे लिहिले. राज्य इंग्रजांचे, मदत करणारे मित्र बहुतेक गोरे. तरीही त्या सरकारास भ्याल्या नाहीत. जो गुडघ्यांवर खरा उभा राहतो, तो अधिकाऱ्यापुढे ताठ उभा राहू शकतो.

ह्या युद्धाचे सर्वांत विलक्षण प्रकरण १९०५ सालचे. वेल्स देशात मोठी धर्मजागृती झाल्याचे वर्तमान केडगावी आले होते. त्या वर्षी जानेवारीत बाईंनी मुलींस बोलावून, आपल्या देशातील ख्रिस्ती लोकांत नवे जीवन यावे म्हणून रोज प्रार्थना करण्यास कोण तयार आहे, असे विचारिले. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली. आणि त्या महिन्याच्या अखेरीस मुक्तिसदनात अशी जागृती झाली की, मुली आपापली पापे आठवून रडू लागल्या, एकमेकींची क्षमा मागू लागल्या. शेकडो कंठांतून एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना उठू लागली. हा गलबला काही धर्मोपदेशकांस रुचला नाही. पण आपल्या लोकांस आपल्या रीतीने देवापुढे रडू द्यावे आणि हसू द्यावे, असे बाईंचे मत होते. पुढे मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावी सुवार्ता सांगावयास जाऊ लागल्या.

ह्या सैन्यात होते कोण? दुष्काळात टाकून दिलेल्या, लग्नाचा अर्थ कळण्यापूर्वीच विधवा झालेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली. मोशे डोंगरावर हात उभारून प्रार्थना करीत असता ते हात थकले, तेव्हा अहरोन व हूर ह्यांनी ते दोन्ही बाजूंनी सावरून धरिले, अशी कथा निर्गमाच्या पुस्तकात आहे. ज्यांना जगाने ओझे म्हटले, त्या मुलींनीच रमाबाईंचे हात सावरून धरिले, असे आम्ही म्हणतो.

ह्या विजयानंतरची वर्षे बाईंनी एका मूक श्रमात घालविली. खेड्यातील बाईस कळेल अशा सोप्या मराठीत बायबल व्हावे म्हणून त्यांनी इब्री व ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास करून भाषांतर हाती घेतले. ते मुक्तिसदनातील छापखान्यात तेथील स्त्रियांनीच छापिले. कान जवळजवळ गेले होते, शरीर थकले होते. आपल्यामागे हे सर्व मनोरमा सांभाळील, ही मोठी आशा होती. मनोरमाबाईंनी गुलबर्ग्यास स्वतंत्र शाळाही चालविली होती. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या आईच्या आधी गेल्या.

जिच्या प्रार्थनेने दोन हजारांस अन्न मिळाले, तिची एकुलती मुलगी वाचली नाही. प्रार्थना म्हणजे देवास आपल्या इच्छेस वाकविण्याचा मंत्र, असे जर बाई मानीत असत्या, तर येथेच त्यांच्या श्रद्धेचा अंत झाला असता. तो झाला नाही. त्या पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. भाषांतर पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेविला. संपूर्ण बायबल त्यांच्यामागून, १९२४ साली, प्रसिद्ध झाले.

आता आमच्या विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. तुम्ही ज्या भूमीवर राहता ती ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे हादरली, आणि घरे कोसळून कित्येक माणसे दगावली. ती हकीकत तुम्ही घरच्या वडील माणसांकडून ऐकली असेल. पायाखालची जमीन अढळ नाही हे आमच्या खोऱ्यास निराळे शिकवावे लागत नाही. रमाबाईंच्या पायाखालची जमीन तर पुनःपुन्हा हादरली: दुष्काळ, वैधव्य, लोकनिंदा, अपत्यवियोग. त्यांनी ह्या प्रत्येक प्रसंगी प्रार्थनेचे शस्त्र उचलिले. पण ते कोणाही माणसावर उगारिले नाही. भूक, भय, अभिमान आणि निराशा ह्यांवर मात्र ते अखेरपर्यंत चालविले. परीक्षेत गुण मिळावे, खेळात प्रतिपक्ष हरावा, एवढ्यापुरतीच ज्याची प्रार्थना आहे, त्याने शस्त्र म्यानातच ठेविले आहे असे समजावे. पहाटे थोडे लवकर उठावे, भुकेल्याचे नाव घेऊन देवापुढे जावे, आपल्याशी ज्याचे पटत नाही त्याचेही नाव घ्यावे, आणि उठल्यावर कुदळ हाती धरावी. बाईंनी हेच केले. युद्ध अजून चालूच आहे, आणि सैन्यात जागा आहे.