विषाचा माग काढणारा ऑर्फिला

आमच्या पांढरकवडा भागात कुणी विषबाधेने दगावले, की व्हिसेरा राखून ठेवला, एवढेच घरच्यांच्या कानावर पडते. लहानपणापासून हा शब्द मी ऐकत आले. शवातील अवयवांचे ते नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात, तेथे विष शोधतात, हे कॉलेजात आल्यावर समजले. ही विद्या कुणी उभी केली, हे शोधताना ऑर्फिलाची ओळख झाली.

मॅथ्यू ऑर्फिलाचा जन्म २४ एप्रिल १७८७ रोजी स्पेनच्या मिनोर्का बेटावर झाला. पॅरिसला जाऊन १८११ साली तो डॉक्टर झाला. १८१३ साली विद्यार्थ्यांपुढे त्याची फजिती झाली. सोमल ओळखण्याची ठरलेली परीक्षा त्याने कॉफीत करून दाखवली, पण अपेक्षित साका आलाच नाही. दुसरा कुणी विषय बदलून मोकळा झाला असता. ऑर्फिलाने मात्र जाणले, की अन्नारक्तात मिसळलेले विष निराळेच वागते. पुढच्याच वर्षी त्याचा विषांवरील ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. त्याच्या प्रयोगांत असंख्य कुत्री मेली, हेही सांगितले पाहिजे. पोटातला सोमल शरीरभर पसरून यकृतासारख्या अवयवांत सापडतो, हे त्याने सिद्ध केले.

१८४० साली फ्रान्समध्ये मारी लाफार्ज या स्त्रीवर पतीला सोमल घातल्याचा खटला चालला. स्थानिक रसायनतज्ज्ञांचे एकमत होईना. ऑर्फिलाने शवातून सोमल काढला. तो आपल्या रसायनांतून वा थडग्याच्या मातीतून आलेला नाही, याचीही खातरजमा केली. मारीला जन्मठेप झाली. वाद मात्र पुढेही चालूच राहिला. १२ मार्च १८५३ रोजी ऑर्फिला वारला.

आज यंत्रे विषाचा अत्यल्प अंशही टिपतात. परंतु अर्थ माणसालाच लावावा लागतो. मृत्यूनंतर काही औषधे अवयवांतून हृदयाजवळच्या रक्तात उतरतात, म्हणून मांडीच्या शिरेतले रक्त तपासतात. पुण्याच्या डॉ. अनंत लागूच्या खटल्यात शवात विष सापडलेच नव्हते. तरी इतर पुराव्यांवरून १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. कीटकनाशक कातडीतूनही अंगात शिरते. केवळ विष सापडले म्हणून ते प्यायले होते, असे ठरत नाही. त्या एका भेदावर मेलेल्याची अब्रू आणि मागे राहिलेल्यांची भाकर अवलंबून असते. म्हणून मला ऑर्फिलाने काढलेल्या सोमलापेक्षा त्याने तपासलेली थडग्याची माती मोठी वाटते.