मालाडचा दगड आणि विटेट साहेब

मी मालाडचा. सिव्हिलला, तिसऱ्या वर्षाला. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं डगमगतं, सांभाळून घ्या!

दिवाळीच्या सुट्टीत फोर्टात गेलो होतो. होमी मोदी स्ट्रीटवर बॉम्बे हाऊस आहे, टाटांचं मुख्य ऑफिस. जमशेदपूरचं पोलाद काय किंवा खोपोलीची वीज काय, सगळा कारभार इथूनच चालायचा. आत कोण सोडणार? बाहेरूनच बघत बसलो. नंतर वाचलं की भिंतींचा दगड मालाडचा आहे. आमच्या मालाडचा! मग शोधत गेलो आणि जॉर्ज विटेट सापडले.

विटेट स्कॉटलंडचे, जन्म १८७८ चा. १९०४ साली सरकारी आर्किटेक्ट जॉन बेग यांचे असिस्टंट म्हणून ते मुंबईत आले. त्याच वर्षी जमशेटजी टाटा वारले, त्यामुळे दोघांचं काम कधी जमलंच नाही.

विटेटनी विलायतेची कॉपी मारली नाही. विजापूरचा गोल घुमट वगैरे नीट अभ्यासले आणि मग म्युझियमचा घुमट काढला (आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय). इमारत १९१४ ला तयार झाली, पण महायुद्धात तिथे लष्कराचं हॉस्पिटल होतं. म्युझियम म्हणून ती उघडली १९२२ ला. गेटवेचं डिझाईन १९१४ ला मंजूर झालं आणि काम संपलं १९२४ ला. दहा वर्षं! आधी समुद्रात भराव घालायचा होता ना. त्याचा पिवळा बेसॉल्ट खारोडीचा, म्हणजे परत मालाडच. गेटवेपर्यंत नवा रस्ता काढायचा होता, पण पैसे संपले. म्हणून आजही गेटवे जरा तिरकाच दिसतो.

पुढे सरकारी नोकरी सोडून ते टाटांकडे गेले. बॉम्बे हाऊसही १९२४ चंच. गेटवेपुढे ते अगदी साधं वाटतं, पण मला तेच जास्त आवडलं. रोज काम करायची जागा आहे ती, मिरवायची नाही.

परळच्या केईएमचं डिझाईनही विटेटचंच. केईएम सुरू झालं १९२६ ला, आणि त्याच वर्षी विटेट इथेच आमांशाने गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

घरी सगळे म्हणतायत, सिव्हिल पुरे, सॉफ्टवेअरमध्ये जा. मी अजून काही बोललो नाहीये.

विटेट शिवडीच्या दफनभूमीत आहेत. सबमिशन्स संपली की हार्बरने जाऊन येणार आहे. कोणी येतंय का?